डॉ. मेबल आरोळे : जामखेडच्या बायांना डॉक्टरी शिकवणाऱ्या बाई

या महिन्यात आपण ज्यांची ओळख करून घेणार आहोत, त्यांची मातृभाषा मराठी नव्हती. डॉ. मेबल आरोळे, माहेरच्या मेबल इमॅन्युएल, यांचा जन्म १९३५ साली जबलपूरला झाला. वडील धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक होते. घरात पुस्तके आणि शिस्त दोन्ही होती. मुलगी हुशार निघाली, डॉक्टर व्हायला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेली आणि तिथे नगर जिल्ह्यातल्या एका मुलाशी तिची गाठ पडली. त्या मुलाचे नाव रजनीकांत आरोळे. पुढे या दोघांनी नगर जिल्ह्यातल्या जामखेडला जे काम केले, त्याचे नाव जगभरच्या आरोग्य क्षेत्रात घेतले जाते. आपल्यापैकी नगर-बीडकडच्या मंडळींना ते ठाऊक असेलच. बाकीच्यांनी नाव ऐकले असेल, पण तेही बहुधा रजनीकांतांचे. म्हणून आम्ही मुद्दाम मेबलबाईंवर लिहायचे ठरवले.

ठरवण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते आमच्या फजितीचे आहे. मागच्या पावसाळ्यात मंडळाचे आम्ही काही जण खानवेलच्या पुढे एका पाड्यावर गेलो होतो. जुलाबाने लहान मुले आजारी पडतात, तेव्हा मीठ-साखरेचे पाणी कसे करावे याची पत्रके छापून नेली होती. मराठीत आणि गुजरातीत, रंगीत, चांगल्या कागदावर. घरोघर वाटली, फोटो काढले, चहा घेऊन परतलो. आठवड्याभराने आमच्यातला एक जण त्याच रस्त्याने गेला, तर टपरीवर त्याला भजी मिळाली ती आमच्याच पत्रकात बांधलेली. आम्ही खूप हसलो, पण हसू फार वेळ टिकले नाही. पावसाळा संपला नव्हता, आणि मुलांचे जुलाबही थांबले नव्हते.

मेबलबाईंची गोष्ट याच अडचणीतून सुरू होते, फक्त त्यांची अडचण आमच्यापेक्षा फार मोठी होती.

१९६० साली दोघांचे लग्न झाले. आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचे असे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवले होते. पहिली काही वर्षे ते नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. शस्त्रक्रिया, बाळंतपणे, विषमज्वर, क्षय, सगळे काही एकाच छपराखाली. दिवसरात्र काम असे आणि कामाचे कौतुकही होई. पण हळूहळू दोघांच्या लक्षात आले, की दवाखान्यात येणाऱ्यांतले बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते. जुलाबाने कोरडे पडलेले मूल बरे होऊन घरी जाई आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच अवस्थेत येई. घरचे पाणी तेच, घरची समजूत तीच. आणि जी मुले दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती, त्यांची तर गणतीच नव्हती.

मग ते अमेरिकेला गेले. तिथे दवाखान्यातले पुढचे प्रशिक्षण झाले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दोघांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. अनेकांप्रमाणे त्यांनाही तिथेच राहता आले असते. १९७० साली ते परत आले आणि त्यांनी जामखेड निवडले. जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचे पूर्वेकडचे टोक. पाऊस बेभरवशाचा, माणसे ऊसतोडीला बाहेर जाणारी, पंचक्रोशीत धड दवाखाना नाही. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण तेव्हाच्या नगरकरांनाही जामखेड लांबच वाटे. गावच्या पुढाऱ्यांनी गुरांच्या दवाखान्याची पडीक जागा दिली आणि तिथे काम सुरू झाले.

इथून पुढचा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात दोघांची चूक आहे आणि ती त्यांनी लपवली नाही. त्यांची मूळ योजना अशी होती, की शिकलेल्या नर्सबाईंनी गावोगाव राहायचे आणि लोकांना आरोग्याचे शिक्षण द्यायचे. योजना कागदावर चांगली होती. प्रत्यक्षात शहरातून आलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहणार कशी? तिला भीती वाटे, करमत नसे. गावच्या बाया तिच्याकडे आपल्या म्हणून बघत नसत. तिचे बोलणे, लुगडे नेसण्याची पद्धत, सगळेच वेगळे. ती सांगे ते खरे असेलही, पण सासू सांगते त्यापुढे त्याला किंमत नव्हती. थोड्याच दिवसांत लक्षात आले, की हे चालणार नाही. गावकऱ्यांशी बोलता बोलताच दुसरी वाट सापडली. गावातलीच बाई घ्यावी, गावाने निवडलेली, आणि तिलाच शिकवावे.

आता ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. १९७० सालच्या डॉक्टरांना ती सोपी नव्हती. गावाने निवडलेल्या बायांपैकी बऱ्याच जणी निरक्षर होत्या, पुष्कळशा दलित होत्या, काही टाकलेल्या, काही विधवा. त्यांच्या हाती औषधे द्यायची? त्यांना बाळंतपण करू द्यायचे? वैद्यकीय मंडळींत यावर नाराजी होती, आणि गावातही होती. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नाही, तिने आमच्या सुनेच्या पोटाला हात लावायचा का, असा प्रश्न उघड विचारला जाई. आपल्या आजोळच्या गावी हा प्रश्न विचारला गेला नसता, असे छातीवर हात ठेवून आपल्यातल्या किती जणांना म्हणता येईल?

शिकवण्याच्या कामात मेबलबाईंचा वाटा मोठा होता. बाया दर आठवड्याला जामखेडला येत आणि मुक्काम करत. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, रात्री एकाच ठिकाणी झोपणे. वेगवेगळ्या जातींच्या बायांना सुरुवातीला हे फार जड गेले. जातीवर व्याख्यान देऊन जे झाले नसते, ते रोजच्या भाकरीने हळूहळू झाले.

अभ्यासक्रमाची सुरुवात रोगांपासून नव्हती. जन्मभर मान खाली घालून ऐकून घेतलेल्या बाईला आधी हे पटायला हवे होते, की मला कळते, मी बोलले तर कोणी ऐकेल. हा धडा पक्का होईपर्यंत औषधांची नावे पाठ करून घेण्यात अर्थ नव्हता. आमच्या मते जामखेडच्या यशाचे अर्धे कारण इथे आहे. पुढे ज्यांनी ही पद्धत उचलली, त्यातल्या अनेकांनी औषधांची पेटी उचलली आणि हा धडा मागेच ठेवला.

त्यानंतर रोजच्या कामाचे ज्ञान, एका वेळी थोडे. पाठ्यपुस्तक नाही, कारण वाचणार कोण? गाणी, सोंगे, चित्रे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकीने गेल्या आठवड्यात गावात काय पाहिले त्याच्या गप्पा. एका गावात जे घडले त्यावर दुसऱ्या गावची बाई सल्ला देई. आज शिकलेले परत जाऊन गावात करायचे, अडले तर पुढच्या आठवड्यात विचारायचे. एका महिन्याचा वर्ग आणि हाती प्रमाणपत्र, असा प्रकार नव्हता. हे शिक्षण वर्षानुवर्षे चालू राहिले.

काय शिकवत? गरोदर बाईला तपासणे आणि धोक्याचे लक्षण दिसले तर वेळेवर दवाखान्यात पाठवणे. मुलांची वजने घेणे. खरूज, डोळे येणे, रातांधळेपणा ओळखणे. क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा पेशंट हुडकून काढणे आणि त्याचे औषध मध्येच बंद पडू न देणे. मूल जुलाबाने सुकत असेल तर मीठ-साखरेचे पाणी पाजणे. आणि कुटुंब नियोजनाचे बोलणे, जे परक्या नर्सबाईला कधीच मोकळेपणी करता आले नसते.

यातल्या प्रत्येक गोष्टीला घरातली एखादी जुनी समजूत आडवी येत असे. गरोदरपणी जास्त खाल्ले तर मूल मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते, म्हणून बाईला अर्धपोटी ठेवत. बाळंतिणीचे पहिले दोन-तीन दिवसांचे दूध, म्हणजे चीक, वाईट समजून टाकून देत. गाईच्या चिकाचा खरवस आपण हावरटासारखा खातो आणि स्वतःच्या मुलाच्या वाट्याचा चीक टाकून देतो, हे आम्हाला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे. पाचवीची सटवाई तर आपल्या घरांतही पुजतात. पूर्वी जन्मानंतर आठवड्याच्या आत मूल ताठून, दूध ओढेनासे होऊन दगावे, तेव्हा घरचे सटवाईकडे बोट दाखवत. तो धनुर्वात असे. नाळ कापायला वापरलेला विळा किंवा नाळेवर लावलेली राख-शेण, हे त्याचे कारण. जामखेडच्या सेविका गरोदरपणी धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला लावत आणि बाळंतपणाला स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि साबण घेऊन जात. सटवाईची पूजा बंद करा, असा हट्ट धरायची गरज नव्हती. पूजा राहू द्या, पाते उकळून घ्या, एवढे पुरे होते. हे असे सांगणे गावच्याच बाईला जमते. आपण सांगायला गेलो, की त्याचा वाद होतो.

१९७२ चा दुष्काळ आला, तेव्हा आरोग्याच्या गप्पा बाजूला पडल्या. लोकांना आधी अन्न आणि पाणी हवे होते. गावोगाव मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली, विंधनविहिरी खणल्या. त्यातल्या अनेक विहिरी दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी तिथे लागले, म्हणून सगळे गाव पाण्याला त्या वस्तीत येऊ लागले. तरुण शेतकऱ्यांची मंडळे आणि बायांची महिला मंडळे याच काळात मूळ धरू लागली. सेविकांना पगार नव्हता, अगदी किरकोळ मानधन होते. त्याऐवजी बांगड्या विकणे, शेळ्या पाळणे असे धंदे करायला त्यांना कर्जाची मदत मिळे. या व्यवस्थेविषयी आमच्यात दोन मते आहेत. काहींना वाटते, पगार नव्हता म्हणूनच त्या सरकारच्या किंवा संस्थेच्या नोकर न होता गावच्या राहिल्या. काहींना वाटते, इतक्या कामाला पगार हवाच होता. आजच्या आशाताईंच्या मानधनाचा प्रश्न पाहिला, की दुसऱ्या मताकडे कल जातो.

परिणाम काय झाला, तो आकड्यांत सांगता येतो. काम सुरू झाले तेव्हा या गावांत जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती, अशी प्रकल्पाची नोंद आहे. वीस-बावीस वर्षांनी ही संख्या विसाच्या आसपास आली. गावाने निवडलेल्या बायांनी हे घडवून आणले.

जगाचे लक्षही फार लवकर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली वेगवेगळ्या देशांतल्या अशा प्रयोगांवर एक पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण होते. पुढे १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात प्राथमिक आरोग्याविषयीचा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला, त्यामागे ज्या थोड्या प्रयोगांचा अनुभव होता त्यात जामखेड धरले जाते. चीनचे अनवाणी डॉक्टर तेव्हा सगळ्यांना माहीत होते. मेक्सिकोच्या डोंगरात डेव्हिड वर्नर नावाचा शिक्षक खेडूत आरोग्य कार्यकर्त्यांसाठी चित्रांचे पुस्तक तयार करत होता. त्याच्या माणसांची एक युक्ती आम्हाला फार आवडते. वाळलेल्या पोकळ भोपळ्याचे बाळ करायचे, डोक्यावर भोक पाडून वर ओले फडके ताणायचे आणि आत पाणी भरायचे. खालचे बूच काढले, की पाणी वाहून जाते आणि वरचे फडके खोल जाते. जुलाबात बाळाची टाळू का बसते, हे शाळेतल्या मुलालाही एका मिनिटात कळते. आपल्या पाड्यांवर भोपळ्यांना काय तोटा?

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांची मिश्रणे तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिली. पाजत राहा, एवढेच सांगितले. मरणाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. बंगालमधली छावणी आणि जामखेडचा माळ यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दोन्हीकडे डॉक्टरांनी स्वतःकडचे ज्ञान घरच्या माणसाच्या हाती सोपवले होते.

१९७९ साली रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशांतून डॉक्टर, नर्स, कार्यकर्ते शिकायला जामखेडला येऊ लागले. त्यांना शिकवायला गावच्या सेविका उभ्या राहत, ही गंमत मेबलबाईंनी जपली. १९८८ साली तर मुक्ताबाई पोळ नावाच्या सेविकेला वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला नेले होते. तिने सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून डॉक्टर आणि सेविका यांतला फरक समजावला. झुंबर सुंदर असते, महाग असते आणि एकाच जागी टांगलेले असते. तिच्या हातातली पणती स्वस्त असते, पण तिच्यावरून दुसरी पणती लावता येते. सभागृह उठून उभे राहिले, असे सांगतात.

मेबलबाई पुढे काही काळ युनिसेफच्या दक्षिण आशियाच्या कामात सल्लागार होत्या. १९९४ साली दोघांनी मिळून जामखेडवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात स्वतःच्या चुका इतक्या मोकळेपणी सांगितल्या आहेत, की यशाच्या पानांपेक्षा तीच पाने जास्त उपयोगाची वाटतात. १९९९ साली मेबलबाई गेल्या. रजनीकांत २०११ साली गेले. मुलगी आणि मुलगा यांनी काम पुढे चालू ठेवले आहे.

सरकारनेही ही कल्पना उचलली, पण सावकाश. १९७७ साली गावोगाव आरोग्य रक्षक नेमण्याची योजना निघाली आणि त्यात बहुतेक ठिकाणी पुरुष भरले गेले. ज्या घरांत बाळंतपण होते तिथे पुरुष काय करणार, हा प्रश्न कोणाला पडला नसावा. २००५ पासून आशा कार्यकर्त्या आल्या, त्या मात्र गावच्याच सुना. आपल्या दादरा आणि नगर हवेलीत मांदोनी, सिंदोनी, दुधनीकडच्या घरांत आरोग्याची गोष्ट पोचते ती यांच्याच पायांनी. सिल्वासाचे सिव्हिल हॉस्पिटल मोठे आहे, पण पावसात रात्री दुधनीहून तिथे पोचायचे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच माहीत.

आता पुन्हा आमच्या पत्रकांकडे. मेबलबाईंविषयी वाचल्यावर आम्ही जे आधी करायला हवे होते ते केले. त्या भागात काम करणाऱ्या दोन आशाताईंना भेटलो आणि आमचे पत्रक त्यांच्यापुढे ठेवून विचारले, यात काय चुकले? त्यांनी आधी चहा दिला, मग बराच वेळ एकमेकींकडे पाहून हसल्या. पत्रकात लिहिले होते, की एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण बरोबर आहे, त्यात चूक नाही. पण पाड्यावरच्या पुष्कळ घरांत चहाचा चमचाच नसतो. असतो तो मोठा पळा किंवा हाताची चिमूट. मीठ जास्त पडले तर मुलाला उलट अपायच. आणि लिटर म्हणजे किती? त्या म्हणाल्या, ओआरएसची पाकिटे आमच्याकडे फुकट मिळतात, पण ती संपलेली असतील आणि रात्र असेल, तर घरात एक चमचा आणि खूण केलेली एक बाटली हवी. मूल पाणी पीत नसेल, ग्लानीत असेल किंवा शौचात रक्त दिसले, तर मीठ-साखर करत न बसता आम्हाला उठवा, हेही त्या प्रत्येक घरी सांगतात, आणि त्यांच्या बोलीत सांगतात.

म्हणून या वेळी पत्रके छापायची नाहीत, असे ठरले आहे. पावसाळ्याआधी आशाताई घरोघर जातील आणि आपण फक्त सामान पुरवायचे आहे. सभासद मंडळींनी मंडळाच्या पुढच्या बैठकीला येताना घरातले जादा असलेले चहाचे स्टीलचे चमचे घेऊन यावेत. सगळे एकाच मापाचे हवेत. पुडिंगचे मोठे चमचे आणि लग्नात मिळालेले नक्षीचे छोटे चमचे कृपया आणू नयेत. एक लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्याही चालतील, स्वच्छ धुतलेल्या, झाकणासकट.